वेळेर

सड्यावरचे, म्हणजे कातळपठारावरचे, गवत वाळले की त्याला भाजक्या पोह्यांसारखा वास येतो. मार्गशीर्षाच्या सुमारास, दुपार कलल्यावर, ओरोसच्या ऑफिसातून घरी येताना गाडीची काच खाली केली की तो वास आत शिरतो. कितीतरी वर्षे या वासाने मला बरे वाटायचे. आता तो आला की मी काच वर करतो.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात वयनीचा फोन आला. वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती फोनवर कधी प्रस्तावना करत नाही.

"भावजी, देवान कौल दिलो. औंदा पळण आसा."

"बरा," मी म्हणालो.

"बरा," तीही म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. येताय का, दादांचे काय करायचे, मागच्यासारखेच करायचे का, यातले काही तिने विचारले नाही. न विचारलेले प्रश्न उत्तर देऊनही संपत नाहीत. त्या रात्री जेवताना बायकोने दोनदा विचारले, मीठ कमी आहे का. मी दोन्ही वेळा "भाजी छान झालीय" म्हणालो. भाजी केलीच नव्हती, पिठले होते.

आचऱ्याच्या आसपासच्या काही गावांत गावपळण असते. आमच्या गावातही आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावतात. देवाने हुकूम दिला की सगळा गाव तीन दिवस शिवेबाहेर जातो. माणसे जातात, गुरे जातात, कुत्री, कोंबड्या, पिशवीत घातलेले मांजरसुद्धा जाते. चुली विझतात. नगारा वाजून गेला की गावात कोणी थांबायचे नाही. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. कोणी म्हणतात, त्या तीन दिवसांत गावात पितर फिरतात. कोणी म्हणतात, जुन्या काळी साथ आली होती, तेव्हापासूनची ही रीत आहे. मला लहानपणी वाटायचे, वर्षानुवर्षे माणसे अंगावर वागवून गाव दमतो, त्याला जरा पाठ टेकू द्यायची असेल.

शिवेबाहेर प्रत्येक वाडीची जागा ठरलेली असते. कोणी ओढ्याकाठी राहतात, कोणी काजूच्या बागेत. आमची वाडी मात्र सडा ओलांडून पलीकडे उतरते, समुद्रावर. आमच्याकडे समुद्रकाठच्या वाळूला 'वेळ' म्हणतात. मराठीच्या पुस्तकात जी पुळण, ती आमची वेळ. 'वेळेर' म्हणजे वाळूवर, समुद्रावर. घड्याळातली वेळ निराळी आणि ही निराळी, आणि लहानपणी या दोन्हींत आमचा कधीच घोटाळा झाला नाही. घरात घड्याळही नव्हते म्हणा.

त्या जागी जायला अजून रस्ता नाही. वाडीच्या मागून काजूंमधून पायवाट चढते आणि एकदम सडा लागतो. सगळा काळा कातळ, मध्ये गुडघाभर पिवळे गवत, पावसाचे पाणी जिथे साठले होते तिथे तडे गेलेला चिखल. काही ठिकाणी कातळ पोकळ वाजतो. आम्ही पोरे तिथे मुद्दाम टाचा आपटत जायचो. मग सड्याची कड येते. तिथे समुद्र दिसायच्या आधी ऐकू येतो. कडेवरून एक घळ खाली जाते, मुळांना धरून उतरावे लागते, शेवटी केतकीच्या काट्यांतून अंग चोरून निघावे लागते, आणि पायाखाली अचानक काही कठीण उरत नाही. दोन्ही अंगांना काळे खडक आणि मध्ये वाळू, जिच्यावर खेकड्यांच्या नक्षीशिवाय कोणाचे पाऊल नाही. मर्यादवेलीची जांभळी फुले, मागे उंडीची झाडे. होडी नाही, घर नाही, बाटली नाही. माणसे इथे देवाने सांगितले तरच येतात, म्हणून ती तशी राहिली असावी.

मला तिथल्या सगळ्या पळणी एकमेकींत मिसळून आठवतात. झावळ्यांच्या खोपीतून गाळून येणारे ऊन. तीन दगडांवरची पेज आणि निखाऱ्यात टाकलेला सुका बांगडा. रेतीत रुतून बसलेली आमची कपिली गाय, तिला लाटांची भीती वाटायची आणि तरी ती तिकडेच तोंड करून उभी राहायची. वयनीची पहिली पळण तर अख्ख्या वाडीला पाठ आहे. ती आंबोलीची. लग्न होऊन आली त्याच वर्षी कौल लागला. पहाटे ती दचकून उठली आणि खोपीबाहेरची लाकडे भराभर आत ओढू लागली.

"काय करतंस गो?" दादाने विचारले.

"पावस पडता मां," ती म्हणाली.

तो समुद्र होता. आंबोलीच्या पोरीला तसा आवाज फक्त पावसाचाच ठाऊक. त्यानंतर कितीतरी वर्षे वाडीत कोणी लाकडे आत घेताना दिसले की शेजारची माणसे विचारायची, "जयरामाच्या बायलेन सांगल्यान काय?"

जयराम म्हणजे माझा दादा. तो माझ्याहून बराच मोठा. मी शिकलो, बाहेर पडलो, नोकरीला लागलो. तो घर, माड आणि काजू सांभाळत राहिला. पळणीत दादा सगळ्यांत शेवटी चालायचा. गुरे, म्हातारी माणसे, डोक्यावर टोप घेतलेल्या बायका पुढे गेल्या की तो शिवेवरच्या वडाखाली उभा राहून मागे वळून ओरडायचा, "मागे कोण रवला नाय मां?" उत्तर द्यायला मागे कोणी नसायचेच. तरी तो थांबून ऐकायचा आणि मगच चढू लागायचा.

मागच्या पळणीच्या आधी दादाच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. पडवीतल्या खुर्चीत बसून राहायचा. दोन-चार शब्द राहिले होते, तेही मोठ्या कष्टाने निघायचे. मी धावपळ केली. डॉक्टर, औषधे, मालिशवाला, काही कमी पडू दिले नाही. हे मी आत्ता लिहितोय तेव्हाही मला ते लिहायची गरज वाटते आहे, यातच सगळे आले.

कौल लागल्यावर मी ठरवून टाकले की दादा आणि वयनी तीन दिवस कुडाळला माझ्या फ्लॅटवर येतील. डॉक्टरांनी दगदग नको म्हटले होते. वेळेर जायला रस्ता नव्हता, थंडी होती, आणि काही झाले तर सड्यावर फोनही लागत नव्हता. यातले एकही कारण खोटे नव्हते. खोटे असते तर बरे झाले असते, धरून ठेवायला काहीतरी मिळाले असते.

निघायच्या दिवशी सकाळी मी दादाला शर्ट घालत होतो. वयनी आत डबे भरत होती. दादाने डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि तोंड वाकडे करून, थुंकी गिळत, तो म्हणाला, "वेळेर."

माझ्या मनगटावर घड्याळ होते. मी ते पाहिले. "हो दादा, वेळेवरच निघणार. काळजी करू नको."

ऑफिसात दिवसभर माझ्या तोंडी हाच शब्द. वेळेवर या, वेळेवर सही करा, वेळेवर पाठवा. घरी बायको घाटावरची, मुले पुण्याला, मालवणी बोलायची ती फक्त गावी आल्यावर, तीही पाहुण्यासारखी. दादाने पुन्हा म्हटले, "वेळेर." मी पुन्हा म्हटले, "हो." त्याने मनगट सोडले. मला वाटले, समाधान झाले.

इथपर्यंत ती चूक होती. इथपर्यंत मी ती कोणालाही सांगू शकतो, आणि सांगितलीही आहे. ऐकणारे हसतात, हळहळतात. भाषा विसरलास रे, म्हणतात. त्याच्यापुढचे मी कोणाला सांगितलेले नाही.

शिवेवरच्या वडाजवळ वाट फुटते. उजवीकडे डांबरी रस्ता कुडाळला जातो, डावीकडे पायवाट काजूंत चढते. नगारा वाजून गेला होता. आमची वाडी वर चढत होती. डोक्यावरचे टोप उन्हात चमकत होते, कोणाच्या तरी टोपलीत कोंबडा आरवत होता. रांगेच्या शेवटी वडाखाली त्या दिवशी कोणी उभे नव्हते. दादा माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होता. त्याने डावा हात काचेवर टेकवला, सगळा पंजा, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "वेळेर."

तेव्हा मला कळले. त्यात काही शंका नाही. शब्द कानात पडला, आणि समोर ती रांग होती, आणि लहानपणची वाळू पायांना लागावी इतके स्पष्ट कळले. गाडी थांबवून हाक मारली असती तर चारजण धावत खाली आले असते. बाबल, आमचा शेजारी, माझ्याच वर्गातला, तर तिथून दिसत होता. पण मग खुर्ची शोधायची, दोऱ्या बांधायच्या, फ्लॅटवर भरून ठेवलेला फ्रीज, सोमवारची मीटिंग, आणि वर काही झाले तर? हे सगळे एका क्षणात डोक्यातून गेले. मी म्हणालो, "लवकरच पोचू हां, दादा."

आणि गाडी उजवीकडे वळवली.

मागच्या सीटवर वयनी होती. तिने ऐकले का, तिला कळले का, मला माहीत नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

ते तीन दिवस फ्लॅटवर सगळे नीट झाले. दादाला टीव्ही लावून दिला. तो गॅलरीत बसून रस्ता बघायचा. वयनी परक्या स्वयंपाकघरात चहा करताना प्रत्येक वेळी विचारायची, साखर खंय आसा. साखर होती तिथेच होती, पण तिने डबा कधी आपणहून उघडला नाही. गावी परतल्यावर माणसे म्हणाली, "भाऊ असो व्हयो. कितकी काळजी घेतल्यान." मी हसून मान हलवली.

खरी शिक्षा नंतर होती, आणि ती मला नव्हती. पळण संपली की वाडीत महिनोन्महिने तिच्याच गोष्टी चालतात. कोणाच्या खोपीवर झावळी कोसळली, कोण पत्त्यांत हरून पाण्याचे हंडे भरत बसला, कोणाच्या टोपात कुर्ली चढली. मी सुट्टीला गेलो की पडवीत या गोष्टी चाललेल्या असायच्या. दादा ऐकत बसायचा. सगळे हसले की तो थोड्या वेळाने हसायचा. त्या हसण्याला लागणारा उशीर आजाराचा होता, असे डॉक्टर म्हणतील. मी त्याच्याकडे न बघता चपला शोधायचो.

बायकोला एकदा अर्धेमुर्धे सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्या भल्यासाठीच केलंत ना?" माझ्याभोवतीच्या सगळ्या चांगल्या माणसांकडे माफी तयार असते. ज्याच्याकडून ती हवी, त्याच्याकडे शब्द नाहीत.

म्हणून यंदा मी ठरवले की दादाला वेळेर न्यायचे, आणि तिथे, माणसांत नाही, एकट्याला गाठून सांगायचे की मागच्या वेळी मला कळले होते. न कळल्याची माफी त्याने मनातल्या मनात केव्हाच दिली असेल. ती चुकीच्या गुन्ह्यासाठी होती.

पळणीच्या आदल्या दिवशी घरी गेलो तेव्हा वयनी अंगण झाडत होती.

"परत कुडाळाक व्हरतलात?" तिने वर न बघता विचारले.

"नाय वयनी. वेळेर जावया."

झाडू थांबला. "कोण व्हरतलो तेंका?"

"मी आणि बाबल. अजून दोघे बघू."

तिने माझ्या पोटाकडे पाहिले. "अंगणात येयसर तुमका धाप लागता भावजी."

दादा पडवीत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "दादा, उद्या वेळेर जावया." त्याने माझ्याकडे पाहिले. मान हलवली नाही. मी पुन्हा सांगितले. तो बघतच राहिला. मग डावा हात उचलून त्याने खुंटीकडे बोट केले. खुंटीवर त्याचा बाहेर जायचा शर्ट होता.

"उद्या ओ, उद्या," वयनी आतून म्हणाली. "आत्तापासून घालून बसतल्यात काय?" पण तिने शर्ट काढून त्याच्या मांडीवर ठेवला, आणि तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

सकाळी बाबलने लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. दोऱ्या ओढून पाहिल्या.

"खुर्ची कसली रे," तो म्हणाला, "ही पालखी. दादानु, गुलाल हाडू काय?"

"गुलाल नको," वयनी म्हणाली. "गाठी बघ आधी. तुझ्या गाठी म्हणजे तुझ्या बोलण्यासारख्यो. कधी सुटतीत भरवसो नाय."

दादा हसला. या वेळी उशीर न होता.

मी मागचा डावा बांबू खांद्यावर घेतला. काजूंपर्यंत ठीक होते. चढ सुरू झाला तसा बांबू हाडात रुतू लागला, डोळ्यांपुढे दादाचे डोके डुलत होते, पांढरे विरळ केस, मानेवरची जुनी सुरकुती, आणि मी मनात म्हणत होतो, दुखू दे, आणखी दुखू दे. खांदा दुखला की हिशेब कुठेतरी मिटतो अशी माझी समजूत असावी. पाय घसरला. खुर्ची एका बाजूला कलली. दादाने डाव्या हाताने दोरी घट्ट धरली.

"सायबानु, सोडा तो बांबू," बाबल पुढून म्हणाला. "दादाक खाली घालशात आणि वर आमकाच बोल लागात."

"मी करतो रे."

"तुका करूचा आसा म्हणान दादान पडाचा काय?"

मागून येणाऱ्या एकाने न बोलता माझ्या खांद्यावरून बांबू उचलला. माझ्या हातात दादाच्या चपला आणि पाण्याची बाटली आली. सडाभर मी ती घेऊन मागून चालत राहिलो. पिवळ्या गवताच्या वर दादाचे डोके होडीसारखे पुढे जात होते. माझ्या पापाचे ओझे दुसऱ्यांच्या खांद्यावर, आणि ते लोक त्याला ओझे म्हणतही नव्हते, आपापसात काजूला यंदा मोहर लवकर आल्याचे बोलत होते. घळीत तर त्यांनी त्याला पाठुंगळीच घेतले. केतकीचा काटा लागून बाबलचा कान रक्ताळला. त्याने तो हाताच्या पाठीने पुसला आणि पुढचे पाऊल टाकले.

आणि मग ती वाळू. काही बदलले नव्हते. तेच दोन खडक, तेच उंडीचे झाड.

मी आधीपासून जागा ठरवली होती. झाडाच्या सावलीत, सगळ्यांच्या पुढे, जिथून समुद्र पुरा दिसतो. खुर्ची तिथे ठेवायला लावली, दादाच्या पायांखालची वाळू सारखी केली, चपला बाजूला ठेवल्या. बाकीचे खोपी उभारायला मागे गेले. मी दादाच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षे मी त्या चेहऱ्यासाठी थांबलो होतो.

दादा अस्वस्थ होता. मान वळवत होता, घशातून आवाज काढत होता. मला वाटले ऊन लागते, मी खुर्ची सरकवली. वाटले तहान लागली, बाटली तोंडाला लावली, त्याने तोंड फिरवले. पाणी शर्टावर सांडले. थंडी वाजते का, कुठे दुखते का, मी एकेक विचारत गेलो आणि तो डाव्या हाताने खुर्चीवर आपटत राहिला.

वयनी हाताला माशांची खवले लागलेली तशीच आली.

"भावजी, तेंका दर्याकडे तोंड करून कित्याक बसवलात?"

"समुद्र दिसतो म्हणून."

"दर्यो खंय पळान जाता?" तिने खुर्चीची पाठ धरली. "माणसां थंय आसत मां. धरा हयसून."

आम्ही दोघांनी खुर्ची फिरवली. समुद्र दादाच्या पाठीला गेला. समोर चुली पेटत होत्या, धूर डोळ्यांत जाऊन बायका शिव्या देत होत्या, बाबल खोपीची झावळी उलटी लावत होता आणि दोघेजण त्याला ती उलटी असल्याचे सांगत होते. दादाचा हात शांत झाला. त्याने खांदे खुर्चीला टेकले.

म्हणजे शब्द कळला तरी मला तो पुरता कळला नव्हता. वेळ म्हणजे वाळू, समुद्र, फोटोत येते ते सगळे, असे मी धरून चाललो होतो. तो वाडी मागत होता.

वयनीने पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकून आणलेले बारीक मासे मीठ लावून चटईवर पसरले, चटई दादाच्या पुढ्यात ओढली आणि त्याच्या डाव्या हातात उंडीची एक डहाळी दिली. "कावळ्यांका बघा," ती म्हणाली. "एक जरी गेलो तरी तुमच्या वाट्याचो." दादाने डहाळी वर केली.

"मी काय करू, वयनी?" मी विचारले.

"तुमी बसा ओ," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, मी तो शोधला. "तुमी पाव्हणे."

दुपार कलेपर्यंत मी इकडेतिकडे केले. लाकडे आणली, ती ओली निघाली. दादा कामात होता. रागावलेला माणूस मधूनमधून आपल्याकडे बघतो तरी. त्याने एकदाही पाहिले नाही. कावळे उंडीवरून उतरायचे, तो डहाळी हलवायचा, "हाड" म्हणायचा. ते त्याला स्पष्ट म्हणता येत होते.

जेवणे झाल्यावर माणसे पांगली, झोपली. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वाक्य मी पाठ करून आणले होते, मालवणीतच.

"दादा, मागच्या पळणीक तू वेळेर म्हटलंस, तां माका कळला होता. वडाकडे कळला होता. तरी मी गाडी वळवलंय."

त्याने वर पाहिले. सबंध दिवसात पहिल्यांदा. डोळे स्थिर होते, त्यांत पाणी नव्हते, राग नव्हता, किंवा होता आणि मला वाचता आला नाही. त्याने डहाळी उचलली. तिचे टोक माझ्या कमरेला लावले आणि हळूच, पण जोर देऊन, मला एका बाजूला ढकलले. माझ्या मागे चटईवर एक कावळा उतरला होता. मी आड उभा असल्यामुळे दादाला मासे दिसत नव्हते.

मी बाजूला सरलो.